शेंगदान्याचं दूध

माहा मोठा भाऊ देवीदास नागपूरच्या गिरनीत गेला, तवाच माय नवस बोलली, "तो घरी येईतो दुधाचा थेंब घेनार नाही." दोन सालं झाले, माय वाळत चालली. शाळा सोडून मी घरीच होतो. मंग रोज शेंगदाने भिजवून पाट्यावर वाटाचो, फडक्यातून गाळाचो. "घे माय, हे ना गाईचं, ना म्हशीचं. तुहा नवस मोडत नाही."

पेता पेता ती रोज म्हने, "देवीदासले लय आवडलं असतं."

एक दिवस माही खोपडीच सरकली. "अन् मी गेलो त काय सोडशीन?" ती पेला उचलून धुवाले गेली. मी तसाच निघालो अन् चार दिवस मूर्तिजापूरच्या टेसनावर बसून राह्यलो. पाहाले कोनी आलं नाही.

पाचव्या दिवशी घरी आलो. शेजारच्या गोदाबाईनं वाटून आनलेलं शेंगदान्याचं दूध चुलीपाशी तसंच पडलं होतं, पेला काठोकाठ.

"हे काहून नाही पेली?" मी खेकसलो.



"तू येईतो हेबी सोडलं होतं, बापा."