मुका की चावा

दोघा सख्ख्या भावांनी गळ्यात गळा घालून मनसोक्त रडून घेतलं आणि जुना अबोला मिटला. पण हे घडलंच नाही असं धरून चला, कारण घरी जाऊन दोघांनीही "अभिनय होता" एवढंच सांगितलं.

ज्यूंच्या धर्मग्रंथातल्या, भांडून वर्षानुवर्षं दुरावलेल्या दोन भावांच्या भेटीवरचं हौशी नाटक होतं. थोरल्याचं काम थोरल्याला मिळालं, धाकट्याचं धाकट्याला. दोघांचं नाक सारखं, एवढीच पात्रता. वडील गेल्याचं धाकट्याने थोरल्याला दुसऱ्या दिवशी कळवलं, तेव्हापासून अबोला होता; आता दोघं एकमेकांशी फक्त नाटकातले संवादच बोलत.

"मूळ हिब्रूत या भेटीतल्या एका शब्दावर शंकेचे ठिपके आहेत," दिग्दर्शकाने तालमीत सांगितलं. "कुणी म्हणतं, थोरल्याने धाकट्याचा मुका घेतला. कुणी म्हणतं, तो चावला."

"मला चावायला चालेल," थोरला म्हणाला.

शेवटच्या प्रयोगात धाकटा गळ्यात पडला आणि नाटकात नसलेलं वाक्य थोरल्याच्या कानात पुटपुटला, "दादा, बाबा जाताना तुलाच हाक मारत होते. मला नाही सहन झालं, म्हणून तुला वेळेवर कळवलं नाही."

थोरल्याने धाकट्याच्या खांद्याशी दात आवळले. मग त्याच खांद्यावर डोकं टेकून तो हमसाहमशी रडला. टाळ्या थांबेनात.

"रडून घे," धाकटा म्हणाला. "पडदा पडला की मला तुझ्या तोंडाकडे बघवणार नाही."



थोरल्याची पडदा ओढणाऱ्यास नम्र विनंती, की पुढील सूचना मिळेपर्यंत पडदा पाडण्यात येऊ नये.