बोलायला घेतलेला फोन

म्हातारी दोना नातेर्सिया ओसरीच्या पायऱ्या चढून आली तेव्हा इरासिल्दाचं भाषण अगदी रंगात आलं होतं. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर अख्खी गल्ली बसलेली, हातात कुपुआसू फळाच्या सरबताचे पेले. पांढऱ्या ब्लाउजवर कंपनीचा बिल्ला लावून इरासिल्दा सांगत होती, इंटरनेटवरच्या या फोनचं पाकीट एकदा घ्यायचं, रोज कॉम्प्युटरवर त्याच्या जाहिराती चिकटवायच्या, आणखी माणसं आणायची. मग घरबसल्या दर आठवड्याला पैसे.

"आशीर्वाद, धर्ममाय," बोलता बोलताच तिने हात पुढे केला. बाप्तिस्म्याला तिला मांडीवर घेतलं होतं ते या म्हातारीनेच. तेव्हापासून दोघींची गाठ पडली आणि हे झालं नाही, असं कधी घडलं नव्हतं.

"देव तुझं भलं करो," म्हातारीने तिचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. "पोरी, आता मला फोन लावून दे. माझ्या एलियोच्या लेकीचा आज तिकडे लिस्बनला बाप्तिस्मा. एव्हाना चर्चमधून घरी आले असतील. माझा आशीर्वाद तिच्या कानावर पडायला हवा गं."

जेनिवाल्दो फिसकन हसला. इरासिल्दाला या धंद्यात त्यानेच आणलं होतं. "आजी, हा फोन बोलायला नसतो हो! पुढे विकायला असतो."

"मी डुक्कर विकून घेतलाय तो," म्हातारी म्हणाली. "बोलायलाच घेतलाय."

आता सगळेच हसले. तेओदोरो मासेवाला तेवढा हसला नाही. तो दर रविवारी यायचा, सरबत प्यायचा आणि विचार करतो म्हणून निघून जायचा. "आजींचं काय चुकलं?" तो म्हणाला. "खरंच लागतो का हा फोन? लागत असेल तर मीही घेतो. होडीच्या इंजिनासाठी ठेवलेले पैसे आहेत माझ्याकडे."

"लागतो का म्हणजे काय! या, धर्ममाय, आत या," इरासिल्दा म्हणाली आणि म्हातारीला मागच्या खोलीत घेऊन गेली.

दार लोटून ती कॉम्प्युटरपुढे बसली. अर्धं गाव तिने कंपनीत आणलं होतं, पण हा फोन स्वतः कधी लावून पाहिला नव्हता. कुणी लावायला सांगितलंच नव्हतं. कंपनीचं पान उघडलं, तिने पासवर्ड टाकला, चक्र फिरत राहिलं. मग ध्यानात आलं की बोलायला माइक लागतो, आणि तो तर घरातच नाही. मागे खाटेच्या कडेला बसून म्हातारी केस चापूनचोपून नीट करत होती, नात तिला बघणार असल्यासारखी.

"लागत नाही का गं?"

"लाइन जरा..." इरासिल्दा म्हणाली. बाहेर जेनिवाल्दो जोरजोरात बोलत होता. तिने खण उघडला, सार्वजनिक फोनचं कार्ड काढलं आणि म्हातारीचा दंड धरून स्वयंपाकघरातून मागच्या दाराकडे वळली. पुढच्या दाराने गेलं तर ओसरीने पाहिलं असतं. म्हातारीने एकदा मागच्या दाराकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि मुकाट्याने निघाली.

बेकरीच्या कोपऱ्यावरच्या फोनमध्ये इरासिल्दाने कार्ड सरकवलं. नंबर म्हातारीला तोंडपाठ होता.

"एलियो? हो, मीच रे. रडतोस काय वेड्या, कार्ड पळतंय. तिच्या कानाशी धर. लिदिया, माझ्या सोन्या, देव तुझं..."

कार्ड संपलं. फोन मेला. म्हातारीने मात्र आशीर्वाद अर्ध्यावर सोडला नाही. बंद फोनमध्ये तो शेवटपर्यंत म्हटला, मग रिसीव्हर हळूच अडकवला.

"अर्धा तरी पोचला," ती म्हणाली.

दोघी आल्या वाटेने परतल्या. मागच्या खोलीतून ओसरीवर पाय ठेवतात तोच तेओदोरो उभा राहिला. "काय आजी? लागला का?"

म्हातारीने इरासिल्दाकडे पाहिलं. ब्लाउज घामाने भिजून पाठीला चिकटला होता.

"लागला की," म्हातारी म्हणाली. "पोरीनेच लावून दिला. शेजारच्या खोलीतून बोलावं इतका स्पष्ट."

त्यात तसं खोटं काहीच नव्हतं. पोरीची लाज तिने झाकली होती. राहिलेलं पोरीने बोलायचं होतं. ती बोलेल म्हणून म्हातारी खुर्चीच्या पाठीला धरून थांबली.

"नातेर्सिया आजी म्हणतात म्हणजे झालं!" तेओदोरो म्हणाला. "दे गं, कुठे करायची सही?" जेनिवाल्दोने टाळ्या वाजवल्या. ओसरीने वाजवल्या. पेन तेओदोरोच्या हातात आलं.

इरासिल्दाने तोंड उघडलं. सगळे तिच्याकडेच बघत होते. तिने कागदावर बोट टेकवलं. "इथे," ती म्हणाली.

म्हातारी निघाली. इरासिल्दा धावतच पायरीपर्यंत गेली. डोळे वर करायची काही छाती झाली नाही, हात तेवढा पुढे केला.

"आशीर्वाद, धर्ममाय."

म्हातारीने तो हात पाहिला.

"आजचा होता तो लिदियाला दिला, पोरी," ती मऊपणे म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.