टॉवरच्या टोकापासून मागे

धाकट्याचा नवा शर्ट, कॉलरवर अजून घडीची रेघ. थोरल्याच्या फोनवर आईचे दोन मिस्ड कॉल. साय धरलेला चहा. रिफायनरीच्या आवारात कापून, वळवून, वेल्डिंग होऊन पडलेला पाइप.

धाकट्याच्या हिशेबावर बनलेला हा पाइप बसवण्याआधीची शेवटची बैठक. साहेबांनी थोरल्याकडे पाहिलं. "भाऊ आहे म्हणून सोडू नकोस हं."

"भाऊ घरी, साहेब." थोरला धाकट्याकडे वळला. "भट्टीतून टॉवरकडे काय जातं?"

"तेल आणि वाफ. एकत्र."

"वाफेची घनता कुठली धरलीस?"

"भट्टीच्या टोकाची."

"आणि पुढे?"

"तीच. शेवटपर्यंत."

कुणीतरी खाकरलं.

"पलीकडे टॉवरमध्ये निर्वात पोकळी आहे, राजा. दाब उतरला की वाफ फुगते. फुगली की पळते. पळाली की दाब आणखी उतरतो. तू तिला अख्ख्या पाइपभर पासपोर्टच्या फोटोसारखी बसवून ठेवलीस."

सगळे हसले. धाकटाही थोडा हसला.

थोरला फळ्यापाशी गेला. टॉवरच्या टोकापासून मागे मागे, एकेका तुकड्याचा दाब मांडत भट्टीपर्यंत आला. खडू ठेवला. पाइपात दाब किती उतरेल याचा आकडा धाकट्याच्या आकड्याच्या तिप्पट होता.

"म्हणजे?" साहेबांनी विचारलं.

"म्हणजे भट्टीपाशी दाब जास्त राहणार, तेवढीच वाफ काढायला ती जास्त तापवावी लागणार. तेल आतच करपणार. हा पाइप भंगारात."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "आज कायम करणार होतो ना याला? राहू दे. उद्यापासून येऊ नकोस."

धाकटा फळ्याकडे बघत होता. "दादा, पण तू तर..."

"इथे मी दादा नाही."

धाकट्याने खिशातलं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं, आणि उगाचच ते सरळ केलं.

जिन्यात थोरल्याचा फोन पुन्हा वाजला. "नाही गं आई, नाही झालं त्याचं. मी होतो ना तिथे. हो, खूप सांगून पाहिलं. तू जेवून घे."

पाइप कापायला घेण्याच्या आदल्या रात्री धाकट्याने हाच हिशेब थोरल्याला जेवताना दाखवला होता. त्याने तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता, आणि म्हणाला होता, "जमलाय. दे पाठवून."