मागे उभी असलेली बाई

२००३ साली मनोहरकाकांनी घराण्याचा इतिहास छापायला घेतला. १९२२च्या घरच्या फोटोतले सगळे ओळखू आले, फक्त मागे उभ्या असलेल्या बाईचं नाव लागेना.

"कामवाली असेल कुणी," काका म्हणाले.

मी त्यांना पंचवटीत आमच्या उपाध्यायांकडे नेलं. गुरुजींनी वंशावळीच्या जुन्या चोपडीतून पणजोबांच्या हातची नोंद वाचली, "दुसरी बायको भागीबाई, राहणार सुरगाणा, जात कोकणा. तिचा मुलगा केशव."

केशव म्हणजे काकांचे वडील.

"आदिवासी? आमच्या घरात?" काका ताडकन उठले. रिक्षात मला म्हणाले, "साधना, हे कुठे बोलायचं नाही."

महिन्याभराने पुस्तक आलं. स्टुडिओवाल्याने काम सफाईदार केलं होतं.



फोटोत काकांच्या सख्ख्या आजीच्या जागी आता फुलदाणी उभी होती.