इंजिनरूमच्या दारात

"वर का आणलंस मला?" पाण्याबाहेर डोकं येताच जुवाटकरकाका कडाडले.

"तुम्हीच अंगठा वर केलात, काका! पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. दहादा शिकवलं." त्यांची प्रशिक्षक ऊर्मी वैतागली होती.

माशांना आसरा म्हणून समुद्रात बुडवलेल्या या जुन्या जहाजाच्या इंजिनरूममध्ये काकांनी एकवीस वर्षं काढली होती. तिथे पुन्हा एकदा डोकावायचं म्हणून ते सत्तरीत डायव्हिंग शिकले. आज हंगामाचा शेवटचा दिवस, त्यात पाण्याची ओढ वाढलेली. पुन्हा उतरणं शक्य नव्हतं.

"आपण दारापर्यंत पोचलो होतो ना! मग अंगठा कशाला?" ऊर्मीने विचारलं.

काकांनी होडीच्या काठावर मूठ आपटली. "अगं, इंजिनच्या आवाजात आम्ही खुणांनीच बोलायचो. त्या दारात उभं राहून रोज अंगठाच दाखवायचो, सगळं ठीक चाललंय म्हणून!"