आवाज बंद, कॅमेरा चालू

साथ आली, शाळा मोबाइलवर गेली, आणि ओठ वाचून शिकणाऱ्या बहिऱ्या पोरीची पंचाईत झाली. कारण मास्तर मंडळी कॅमेरा बंद ठेवून, बहुधा लोळत लोळत, नुसत्या आवाजाने शिकवायला लागली. "चेहरा तेवढा दाखवा हो," म्हणून आईने हेडमास्तरांच्या नाकदुऱ्या काढल्या.

"एका पोरीसाठी सगळ्यांनी रोज दाढी करायची का?" ते म्हणाले. "साथ गेली की बघू."

शिकणं हा लेकीचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नाही, असं म्हणत आईने वर तक्रार ठोकली.

सुनावणीसुद्धा मोबाइलवरच निघाली. शिलाई मशीनला टेकवलेल्या फोनसमोर मायलेकी बसल्या. अधिकारी मॅडमनी पहिलाच हुकूम सोडला, "सगळ्यांचे कॅमेरे चालू हवेत." हेडमास्तर गुळगुळीत दाढी करून हजर होते.

"मॅडम, पोर मला लेकीसारखी," ते तोंडात साखर घोळवत म्हणाले, "पण कॅमेरा लावला तरी बिचारीला काय कळणार?" मग मोठ्या शहाणपणाने आपला माइक बंद करून, ते कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या क्लार्कशी हसत हसत काहीतरी बोलले.

पोरीने लगेच हात वर केला.

"बोल बाळा," मॅडम म्हणाल्या.

 

"मॅडम, सर आत्ता म्हणाले, 'या भवानीला दोन मिनिटांत गुंडाळतो बघ.' भवानी म्हणजे मी, की तुम्ही?"