करंजाचा बुडखा

फुलपाखरू आजही आलं. दारासमोरच्या बुडख्याभोवती त्याने दोन-तीन गिरक्या घेतल्या, क्षणभर ओसरीच्या पत्र्याखाली उलटं बसलं आणि सुसाट निघून गेलं.

"बघितलं न्हवं बाई?" राधाकिशन म्हणाला. "रोज याच टायमाला येतंय. आमची रोहिणीच हाय ती."

छबुबाईने पदर तोंडाला लावला. लेकीच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नव्हता. तेव्हापासून नवराबायकोच्या जिवाला एकच घोर, पोरीचं काय राहिलं? बुडख्यावर तिच्या बांगड्या ठेवून झाल्या, वह्या ठेवून झाल्या, गुळाची पोळीसुद्धा. फुलपाखरू कशालाच शिवेना.

शिवगंगाबाई धारूरच्या शाळेत रोहिणीला शिकवायच्या. त्यांनी मोबाइलवर टिपलेला फोटो मोठा केला.

"काका, हे चपळ जातीतलं फुलपाखरू आहे. अंग तपकिरी, पंखाच्या खालून हा पांढरा पट्टा. मादी दिसते. हिला गूळ नको, बांगड्या नकोत. करंजाची कोवळी पानं पाहिजेत, अंडी घालायला. अळ्या तीच खातात." त्यांनी बुडख्याकडे पाहिलं. "हा करंजच होता ना? का तोडला?"



"तिच्यासंगच जळाला," छबुबाई म्हणाली. "झडीचे दिस व्हते, बाई. सरपण कमी पडलं."

बाई आल्या तशा गेल्या. त्यांना ना चहाची आठवण राहिली, ना यांना विचारायची.

एक गोष्ट मात्र राधाकिशनने कुणालाच सांगितली नव्हती, बायकोलाही नाही. बुडख्याला सारखी पालवी फुटायची. पोर गेली आणि झाड जगतंय, हे त्याला सोसत नव्हतं. रोज सकाळी, फुलपाखरू यायच्या आधी, तो ती खुडून टाकायचा.

दुसऱ्या दिवशीही उठल्या उठल्या तो सवयीने बुडख्यापाशी जाऊन बसला. सालीतून दोन तांबूस पानं वर आली होती. हात पुढे गेला. तो हात त्याने दुसऱ्या हाताने घट्ट धरला.

"अगं," घराकडे तोंड करून त्याने हाक दिली, "शेळी लांब बांध. पोरगी यायचा टायम झाला."